काळी चारचे कॉर्ड

सकाळी सहा

वलवणच्या बाजूचं धुकं अजून खिडकीला टेकलेलं आहे आणि दोरीवरचे कपडे परवापासून तसेच ओले. लोणावळ्यात श्रावणात याची कुणी तक्रार करत नाही. चहा ठेवला आणि फोन बघितला. तळेगावच्या सरांनी रात्री उशिरा त्यांच्या संगणकाच्या पडद्याचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, ‘मॅडम, कॉर्ड मराठीत आलेत. उद्या संध्याकाळी तालीम आहे. काहीतरी करा.’

फोटो मोठा करून पाहिला. पाच रेघांचा स्टाफ, त्यावर सूर, खाली गाण्याचे शब्द अगदी सुबक मराठीत. आणि वर, जिथे गिटारवाल्यासाठी कॉर्डची नावं हवीत, तिथे कुठे अर्धा ‘ष’, कुठे सुटी वेलांटी, पुढच्या बारवर नुसताच रफार आणि त्याच्या बुडाशी मराठी सात. सर म्हणतात ते खोटं नाही. आलेत मराठीतच.

माझं काम नोटेशन टाईप करून देण्याचं. शाळांची समूहगीतं, चर्चच्या गायकवृंदाचे कागद, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी वादकांची पानं. त्याआधी कित्येक वर्षं छापखान्यात डीटीपी केलं: लग्नपत्रिका, चिक्कीची लेबलं, ग्रामपंचायतीचे अहवाल. त्यामुळे फोटो पाहताच अंदाज आला की हे दुखणं संगीतातलं नाही, आमच्या जुन्या धंद्यातलं आहे.

सकाळी सात

सरांनी फाईलही पाठवली होती. ती माझ्या लॅपटॉपवर उघडली तर सगळं उलटं. कॉर्ड स्वच्छ इंग्रजी अक्षरांत, आणि गाण्याचे शब्द म्हणजे कंस, स्वल्पविराम, डॉलरचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा काला. त्यांच्याकडे शब्द बरोबर आणि कॉर्ड बिघडलेले, माझ्याकडे कॉर्ड बरोबर आणि शब्द बिघडलेले. फाईल एकच.

डीटीपीत हात काळे केलेल्या कुणालाही हे ओळखीचं आहे. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठी फाँट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजी ‘ए’, ‘बी’, ‘सी’च टाईप करत असायचात. फाँट फक्त त्या घरांत इंग्रजीच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे दाखवायचा. कुठल्या घरात अर्धा ‘ष’ आणि कुठल्या घरात काना, हे प्रत्येक फाँटवाल्याचं वेगळं. तो फाँट ज्या संगणकावर आहे तिथे मराठी दिसतं, नसेल तिथे खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडने १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे आकडे दिले, पण शाळा, छापखाने आणि कचेऱ्यांमधून जुने फाँट त्यानंतरही कितीतरी वर्षं चालत राहिले. अजूनही चालतात.

सरांनी गाण्याचे शब्द अशाच एका जुन्या फाँटमध्ये टाकले. मग ‘सगळीकडे मराठी दिसावं’ म्हणून टेक्स्ट स्टाईलच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला तोच फाँट लावून टाकला. शीर्षक, कवीचं नाव, बोल, आणि त्याच ओघात स्टाफवर लिहायचा साधा मजकूरही. कॉर्ड त्या साध्या मजकुरातच लिहिलेले. ‘ए मायनर’ची दोन इंग्रजी अक्षरं बिचारी त्या फाँटच्या तावडीत सापडली.

फाँट बदलला की दिसणं सुधारेल. दोन मिनिटांचं काम. पण सरांचा दुसरा मेसेज होता, ‘काळी चारमध्ये नेलं तर सूर हलले, कॉर्ड हललेच नाहीत.’ पट्टी बदलूनही कॉर्ड जागचे न हलणं फाँट बदलून सुटत नाही.

सकाळी आठ

पोहे खाता खाता तपासणी. म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या गोष्टीवर क्लिक केलं की खिडकीच्या तळाच्या पट्टीत ती गोष्ट काय आहे ते लिहून येतं. कॉर्डचं काही बिनसलं की मी फाँट, आकार, रंग काही बघत नाही, आधी ही पट्टी बघते. सरांच्या पहिल्या कॉर्डवर क्लिक केलं: ‘स्टाफ टेक्स्ट’. दुसऱ्यावर, तेच. शेवटच्या ओळीत तर त्यांनी कंटाळून कॉर्ड गाण्याच्या बोलांच्या खात्यात टाकले होते आणि उचलून वर नेऊन ठेवले होते. एकही खरा कॉर्ड नाही. सगळी चित्रं.

म्यूझस्कोरची फाईल म्हणजे आत गुंडाळलेली झिप असते. ती उलगडली की आत साधा मजकूर सापडतो. सरांच्या फाईलमध्ये कॉर्डच्या जागी ‘टेक्स्ट’ आणि त्यात दोन अक्षरं, एवढंच. सॉफ्टवेअरच्या लेखी ते ‘सावकाश’ किंवा ‘इथे टाळ्या’ लिहिल्यासारखंच. खरा कॉर्ड असता तर तिथे ‘हार्मनी’ अशी खूण असती आणि तिच्यात मूळ सुराचं नाव अक्षरांत नसतं, आकड्यात असतं. एफ म्हणजे १३, सी १४, जी १५, डी १६, ए १७, ई १८, बी १९.

हा क्रम पेटीवाल्याला लगेच कळेल. चौदाचा पंचम पंधरा, पंधराचा पंचम सोळा. षड्ज-पंचम भावाने एकेक पायरी चढत गेलेली ही यादी आहे. खाली उतरलं की फ्लॅट लागतात: बी फ्लॅट १२, ई फ्लॅट ११, ए फ्लॅट १०, डी फ्लॅट ९. वर चढलं की शार्प: एफ शार्प २०, सी शार्प २१, जी शार्प २२. गाण्याची पट्टी बदलायची म्हणजे प्रत्येक कॉर्डच्या आकड्यात एकच बेरीज किंवा वजाबाकी. सॉफ्टवेअरला त्यापलीकडे काही करायचंच नसतं. सरांच्या दोन अक्षरांतून मात्र काय वजा करणार?

सकाळी नऊ

सरांनी चालीचा मूळ कागद मला मागेच दिला होता, पांढरी एकमध्ये, म्हणजे सीमध्ये, हाताने लिहिलेला. त्यांची पांढरी एकची फाईल घेतली, जुना मजकूर एकदम निवडून पुसला आणि कॉर्ड नव्याने भरायला बसले. सुरावर क्लिक करून कंट्रोल-के दाबलं की कॉर्डची चौकट उघडते. अक्षर टाईप करायचं, स्पेस दाबली की पुढच्या सुरावर किंवा ठोक्यावर, टॅब दाबलं की थेट पुढच्या बारवर. हात बसला की गाणं गुणगुणत गुणगुणत पान भरतं. मजकुराचे कॉर्ड आपोआप खरे करून देणारी खटपट करता येते म्हणतात, पण एवढ्याशा गाण्याला हातच बरा. शिवाय टाईप करताना चुकाही दिसतात.

फ्लॅटसाठी छोटा बी टाईप करायचा, शार्पसाठी जाळीचं चिन्ह. सॉफ्टवेअरला कॉर्ड कळला की तो छोटा बी आपोआप फ्लॅटच्या खऱ्या चिन्हात बदलतो. बदलला नाही, नुसता बी राहिला, तर समजायचं की नावात काहीतरी गडबड आहे. सरांच्या लिखाणात अशा जागा होत्या. एका ठिकाणी मेजरचं रूप त्यांनी स्वतःच पाडलं होतं, एका ठिकाणी ‘हाफ डिमिनिश्ड’ पूर्ण शब्दांत. माणसाला कळतं. सॉफ्टवेअरकडे ठरलेल्या नावांची यादी असते. यादीबाहेरचं नाव ते अडवत नाही, जसं लिहिलं तसं छापतं.

मग दिसण्याचं काम. स्टाईलमध्ये कॉर्डसाठी दोन तयार रूपं आहेत, स्टँडर्ड आणि जॅझ. जॅझ रूपात म्यूझजॅझ नावाचा हस्ताक्षरी फाँट येतो. अमेरिकेत बर्कली कॉलेजच्या पोरांनी १९७०च्या दशकात हाताने उतरवलेलं जॅझच्या चालींचं ‘रिअल बुक’ आठवावं असं ते दिसतं. पोरांना ते फार आवडतं. मला शाळेच्या हॉलमध्ये ते नको असतं. मिणमिणत्या ट्यूबलाईटखाली हस्ताक्षरी फ्लॅट आणि सहाचा आकडा यांत गल्लत होते, आणि बी फ्लॅटच्या जागी बी सिक्स वाजला की गायकाच्या कपाळाला आठी पडते. स्टँडर्ड ठेवलं, आकार थोडा वाढवला.

एवढी काळजी का, असं घरचे विचारतात. कॉर्ड वाचणाऱ्याला वाचायला वेळ नसतो हो. त्याची नजर पानावर पडते, त्याच ठोक्याला बोटं पडायला हवीत.

सकाळी साडेअकरा

वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आहे, इंटरनेट गेलं. तेवढ्यात फोन. कामशेतचा गिटारवाला पोरगा, दुसऱ्याच एका गाण्याबद्दल.

‘काकू, हा एच कॉर्ड कुठला? गूगलवर पण नीट सापडत नाहीये.’

‘फाईल कुणी दिली?’

‘मित्राने. तो जर्मनीत असतो.’

मग बरोबर. जर्मनांकडे आपल्या बीला एच म्हणतात, आणि बी म्हणजे त्यांचा बी फ्लॅट. म्हणूनच बाखला ‘आर्ट ऑफ फ्यूग’मध्ये स्वतःच्या आडनावाची चारही अक्षरं सुरांत गुंफता आली. फाईलच्या स्टाईलमध्ये सुरांची नावं कुठल्या पद्धतीने छापायची ते ठरवता येतं: इंग्रजी, जर्मन, किंवा दो-रे-मी. हे सगळं फाईलबरोबर प्रवास करतं. त्याला ती जागा सांगितली, स्टँडर्ड निवडायला लावलं, एच गेला. पूर्ण जर्मन नावं असतील तर खरा धोका एचचा नसतोच, कारण एच दिसला की माणूस थांबून विचारतो. नुसता बी दिसला की बिनधास्त वाजवतो आणि अर्ध्या सुराने चुकतो. त्याला म्हटलं, त्या फाईलमधला प्रत्येक बी पुन्हा बघ.

‘आणि काकू, आजच्या गाण्यात जी शार्प आहे ना? फार बेकार आहे तो गिटारवर.’

‘बघते,’ म्हटलं. जी शार्प कुठून आला ते मला सरांच्या दुसऱ्या, काळी चारच्या फाईलवरून कळलं होतं.

दुपारी एक

आपल्याकडे गायकाची पट्टी पेटीवरून ठरते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे पाच आणि सहा या पांढऱ्यांमधली काळी. गाणाऱ्या ताई काळी चारच्या. सरांनी काळी चार म्हणजे जी शार्प धरला, कारण पेटी शिकताना काळ्या पट्ट्यांना शार्प म्हणायची सवय लागते. पेटीला काय, पट्टी एकच, तिला जी शार्प म्हणा नाहीतर ए फ्लॅट म्हणा. कागदाला मात्र फार फरक पडतो.

सरांच्या काळी चारच्या फाईलमध्ये सॉफ्टवेअरने सूर बरोबर ए फ्लॅटमध्ये नेले होते, स्टाफच्या सुरुवातीला चार फ्लॅट. आणि त्यावर, कॉर्ड हलले नाहीत म्हणून, सरांनी हाताने लिहिलेले कॉर्ड: जी शार्प, सी शार्प, डी शार्प सेव्हन, आणि मध्येच एफ मायनर. खाली फ्लॅट, वर शार्प. वादक खालचा सूर वाचतो ए फ्लॅट, वरचा कॉर्ड वाचतो जी शार्प, आणि त्याच्या डोक्यात क्षणभर दोन गाणी सुरू होतात. इंटरनेटवर हिंदी-मराठी गाण्यांचे कॉर्ड बहुतेक असेच सापडतात, सगळं शार्पात. तिथे खाली स्टाफ नसतो म्हणून खपून जातं.

बरं, शार्पच धरून शेवटपर्यंत प्रामाणिकपणे गेलं तर? आकडे मांडून बघा. सी १४, जी शार्प २२, म्हणजे प्रत्येकात आठ मिळवायचे. एफचे १३ झाले २१, सी शार्प, ठीक. जीचे १५ झाले २३, डी शार्प, चालेल. ए मायनर १७ वरून २५: ई शार्प मायनर. ई मायनर १८ वरून २६: बी शार्प मायनर. ई शार्प मायनर म्हणजे वाजवायला सरळ एफ मायनर, पांढरी चारचा. पण कागदावर ई शार्प मायनर वाचून तिथे बोटं नेईपर्यंत बार निघून गेलेला असतो. सरांनी तिथे एफ मायनर लिहिला तो म्हणूनच. कानाने बरोबर, हिशेबाने विसंगत. स्टाफच्या चिन्हांची यादीसुद्धा सात शार्पांशी संपते. जी शार्प मेजरला आठ लागतात, म्हणून ती पट्टी यादीत मिळतच नाही.

ए फ्लॅट धरला तर चौदाचे दहा, म्हणजे प्रत्येकातून चार वजा. एफ झाला डी फ्लॅट, जी झाला ई फ्लॅट, ए मायनर झाला एफ मायनर, डी मायनर झाला बी फ्लॅट मायनर, ई मायनर झाला सी मायनर. एकही तिरपागडं नाव नाही. मी सगळं गाणं निवडलं, ट्रान्सपोजच्या चौकटीत ए फ्लॅट सांगितला, ‘कॉर्ड सिम्बॉल्स’समोरच्या खुणेची खात्री केली आणि ओके दाबलं. सूर आणि कॉर्ड एकदम उतरले.

गिटारवाल्यासाठी वेगळं पान. ए फ्लॅट गिटारवर त्रासाचाच, पण पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की हात जीचे. स्टाईलमध्ये कॅपोचा फ्रेट सांगितला की मूळ कॉर्डशेजारी कंसात कॅपोचा कॉर्ड छापून येतो. दिसायला हुशार वाटतं. तालमीत मात्र प्रत्येक ठोक्यावर दोन नावं वाचायला लागतात, दाटीही होते. त्यामुळे मी कंस काढून टाकले आणि त्याला सरळ जीचं पान केलं, डोक्यावर ठळक मराठीत ‘कॅपो १’.

दुपारी अडीच

वीज आली. आता शब्द. टूल्समध्ये गाण्याचे बोल एकदम क्लिपबोर्डवर उतरवून घेण्याची सोय आहे. ते कन्व्हर्टरमध्ये टाकून युनिकोड केले. इथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये वेलांटी नंतर आणि रफाराचा ‘र’ आधी. नेहमीचा मजकूर कन्व्हर्टर नीट फिरवतो. गाण्यात मात्र प्रत्येक अक्षरामागे जोडरेघ असते, आणि शब्द तुटला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ‘सूर्य’ दोन सुरांवर तुटला होता, त्याचा रफार ‘सू’वर चढला. हाताने उतरवला. बोलांना मुक्त हा फाँट दिला, कॉर्डना त्यांचा स्वतःचा ठेवला. मराठी फाँटमध्ये फ्लॅटचं चिन्ह असेलच असं नाही, आणि नसलं की तिथे रिकामा चौकोन येतो. तोही प्रकार मी पुष्कळदा निस्तरलाय.

पेटीच्या वर्गासाठी भातखंडे पद्धतीची प्रत वेगळी द्यायची होती, तीही याच बैठकीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. पंडितजींनी हे ठरवलं तेव्हा छापखान्याचा खिळा डोळ्यापुढे असणार. आज युनिकोडमध्ये वेदपाठाच्या स्वरांसाठी ठेवलेली अनुदात्त आणि उदात्त ही चिन्हं आम्ही त्या कामाला जुंपतो. वैदिकांची हरकत अजून आलेली नाही.

दुपारी चार

लोणावळ्याहून लोकल. दुपारी गाड्या विरळ, म्हणून ही चुकवून चालत नाही. मळवलीपासून पुढे दोन्ही बाजूंना भातखाचरं, इंद्रायणी तुडुंब. लॅपटॉप पिशवीत, पिशवी प्लॅस्टिकमध्ये, त्यावर छत्री.

मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत १९५०-६०च्या दशकांत हे काम गोव्याची माणसं हाताने करत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, हे लोक तिच्याखाली हार्मनी रचून प्रत्येक वादकाचा कागद लिहून द्यायचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच सोल्फेज घोटून झालेलं. पट्टी बदलली की कागद पुन्हा लिहायचे, रात्रीत. गायकाचा आवाज सकाळी काय म्हणेल याचा भरवसा तेव्हाही नसणारच. त्यांच्या शाईच्या कॉर्डमध्ये आकडे नव्हते, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात होते. मला वाटतं कॉम्प्युटरवरच्या कॉर्डचं निम्मं दुखणं यातूनच येतं. पडदा कागदासारखा दिसतो, म्हणून लोक त्यावर कागदासारखं लिहितात.

संध्याकाळी साडेपाच

तालीम शाळेच्या हॉलमध्ये. क्लॅरिनेटवाले काका वडगावच्या बँडमधले, सॅक्सोफोनवाला त्यांचाच पुतण्या. दोघांना वेगळे कागद लागतात, कारण अल्टो सॅक्सवर सी वाचून वाजवला की कानाला ई फ्लॅट येतो आणि क्लॅरिनेटवर बी फ्लॅट. ए फ्लॅटच्या गाण्यात सॅक्सच्या पानावर एफ मेजर येतो, एकच फ्लॅट. क्लॅरिनेटला बी फ्लॅट, दोन फ्लॅट. दोघेही खूश. दोन ओळींच्या मधल्या जागा पुतण्या आपल्या मनाने भरतो, म्हणून त्याला सूर आणि कॉर्ड दोन्ही त्याच्या पट्टीत हवेत. खरे कॉर्ड असले की हे पान काढतानाच होऊन जातं.

सर लॅपटॉपवर वाकून बघत होते. ‘इथे तर कॉर्ड वेगळेच दिसतायत!’ कॉन्सर्ट पिचचं बटण दाबलेलं होतं. ते दाबलं की सगळे वादक कानाला येतात त्या सुरांत दिसतात, सोडलं की आपापल्या. कॉर्ड बिघडले म्हणून येणाऱ्या फोनपैकी कितीतरी या एका बटणाने मिटतात. सरांना दोनदा दाबून, सोडून दाखवलं.

एक फेरी झाली. ताई म्हणाल्या, ‘पावसाने घसा बसलाय. आज पांढरी पाच करू या का?’

सरांनी माझ्याकडे बघितलं. ए फ्लॅटवरून जी, दहावरून पंधरा. निवडलं, बदललं, झालं. गिटारवाल्याने कॅपो काढून खिशात टाकला, त्याच्या पानाला तर काही करावंच लागलं नाही, वरची ‘कॅपो १’ची सूचना तेवढी खोडली. पण गाणं जीमध्ये गेलं म्हणजे सॅक्सला ई मेजर, चार शार्प. क्लॅरिनेटला ए मेजर, तीन. पुतण्याचा चेहरा पडला.

‘काळी चारच बरी होती,’ तो म्हणाला.

‘गाणार कोण आहे?’ काकांनी विचारलं. काकांनी माझ्या पानाकडे तालमीत एकदाही बघितलेलं नाही. ते कानाने वाजवतात, कागद स्टँडवर असतो तो शोभेला.

शाळेचं ऑफिस बंद, म्हणून प्रिंट नाही. पीडीएफ करून ग्रुपवर टाकल्या, पोरांनी फोन स्टँडवर लावले. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेले असतात, त्यामुळे कुणाच्या फोनवर काही मराठीत आलं नाही. सकाळी आकार वाढवला त्याचा इथे उपयोग झाला. एका बारमध्ये चार कॉर्ड होते, तिथे दोन नावं एकमेकांना चिकटली होती. कॉर्डमधलं किमान अंतर वाढवून तेवढं पान पुन्हा पाठवलं.

रात्री दहा

परतीच्या लोकलला गर्दी नव्हती. घरी येऊन सरांसाठी एक कोरी फाईल तयार केली: बोलांना युनिकोड फाँट, कॉर्डची स्टाईल ठरवलेली, पाच वाद्यांची पानं लावलेली. सोबत मेसेज लिहिला. कॉर्ड फक्त कंट्रोल-के दाबून. छोटा बी फ्लॅट झाला नाही तर पुढे जायचं नाही. तळाच्या पट्टीत ‘स्टाफ टेक्स्ट’ दिसलं तर पुसा. वादकांना फाईल देऊ नका, पीडीएफ द्या. काळी चार म्हणजे ए फ्लॅट.

सरांचं उत्तर लगेच आलं. ‘काळी एकचं काय?’

‘डी फ्लॅट. पाच फ्लॅट. सी शार्प धरलात तर सात शार्प.’

‘काळी तीन?’

‘तिथे दोन्हीकडे सहा-सहा. एफ शार्प नाहीतर जी फ्लॅट. गिटारवाला असेल तर शार्प, बँडवाले असतील तर फ्लॅट.’

थोडा वेळ काही नाही. मग: ‘मॅडम, शाळेच्या जुन्या गाण्यांच्या फाईली पण अशाच आहेत. सगळ्या. गेल्या कित्येक वर्षांच्या. गणपतीच्या आत होतील का?’

‘होतील. कॉर्ड पानाला शंभर, बोलांचं युनिकोड वेगळं.’

‘शाळेला काही सवलत?’

‘बोल तुमच्या मुलांकडून टाईप करून घ्या, मग कॉर्ड ऐंशीने करते.’